पाटाचा मान

अष्टमीला अभिराजला पाटावर बसवणार, हे मथुराला माहेरच्या कुणी सांगितलं नाही. ते तिला मारतहळ्ळीच्या पुलाजवळ, खच्चून भरलेल्या बसमध्ये, सोयराबाईंकडून कळलं.

सोयराबाई म्हणजे समाजातलं जुनं खोड. बायकांना फुकट मिळणारं शून्य रुपयांचं तिकीट हातात घेत त्या म्हणाल्या, "भाग्याची ग तू मथुरा! बापामागे आता भावाच्या अंगात आई आली. गिरीराजांनी काल देवळात सगळ्यांना सांगितलं. मी तर नारळही बोलून ठेवलाय. आता स्वल्प जागा करून दे ग बसायला, गुडघे गेलेत माझे."

मथुराने त्यांना जागा करून दिली. मग दारात जाऊन तिने शिट्टी अशी फुंकली की ड्रायव्हरने थांबा नसताना ब्रेक मारला आणि मागचे सगळे पुढच्यांवर आदळले. एका लॅपटॉपवाल्याने तोंड उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि परत मिटलं.

बंगळूरच्या सिटी बसमध्ये कंडक्टर म्हणून मथुराने उमेद घालवली होती. "मुंदे होगी, मुंदे होगी" असं ओरडून माणसं पुढे सरकवता सरकवता तिचा आवाज फाटला, पण राग शाबूत राहिला. तो राग काही आजचा नव्हता. तो बापाच्या चितेपासूनचा होता, आणि आज कुणीतरी त्याच्यावर पुन्हा तूप ओतलं होतं.

हे घराणं इथलं जुनं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज आले, असं तिचा थोरला भाऊ गिरीराज प्रत्येक सभेत सांगे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडायला दोन्ही. समाजाचं भवानीचं देऊळ गवीपुरमला, आणि त्याला लागून मंगल कार्यालय. दर नवरात्रात अष्टमीच्या दुपारी तिथे गोंधळ होई. वडील विठोजीराव कापडगिरणीत कामाला होते. सरळमार्गी माणूस. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. पण पन्नाशी जवळ आली तशी त्यांची बोटं आपोआप हलायला लागली, जणू न दिसणारी पेटी वाजवताहेत. मग खांदा उडायला लागला. चालताना पाय भलतीकडेच पडायचा. गिरणीत लोक म्हणाले, हा पिऊन येतो. शेजारी म्हणाले, पितो. शेवटी सासुरवाडीचेही म्हणाले. नोकरी गेली ती त्याच बोभाट्यात.

मग एका अष्टमीला संबळ घुमत असताना विठोजीरावांचं सगळं अंग लाटेसारखं हेलकावलं आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आई आली! उदो उदो!" त्या एका दुपारी दारुड्याचा देव झाला. काल ज्यांनी दार लावून घेतलं होतं ते आज पाया पडायला रांगेत उभे. घरच्यांना सुटल्यासारखं वाटलं. मथुराच्या आईने तर त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मान वर करून देवळाच्या पायऱ्या उतरल्या. त्या माउलीवर मथुराने कधी राग धरला नाही. बाकीच्यांवर मात्र धरला, आणि सोडला नाही.

पितळी फुलं ठोकलेला शिसवी पाट त्यांच्यासाठी करवून घेतला गेला. त्या पाटाची एक रीतही ठरली. अष्टमीला पाटावर बसणाऱ्याची ओटी घरच्या माहेरवाशिणीने भरायची, आणि पहिला प्रश्न तिने विचारायचा. तिच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही, आणि ती बोलत असताना तिला कुणी अडवायचं नाही. तेव्हा तो मान आत्याचा होता, गोजराबाईंचा. प्रश्न झाले की प्रत्येक घरातून नैवेद्याचा एक घास पाटावरच्या तोंडात. घास नाकारला तर ते घर नाराज होई.

विठोजीरावांना तेव्हा गिळताना त्रास व्हायचा. पाणी पितानाही ठसका लागायचा. लोक म्हणत, आई हुंकार देतेय. एका वर्षी पुरणपोळीचे घास एकामागून एक आत ढकलले गेले आणि हुंकार थांबेना. डोळे पांढरे झाले, संबळ आणखी जोरात वाजली. नव्याने लग्न झालेली मथुरा तबक धरून उभी होती आणि बाबा एकटक तिच्याकडे बघत होते. रात्री ताप भरला, छाती भरली, कोजागिरीच्या आत माणूस संपला. देवळाच्या फळ्यावर लिहिलं, आईने नेलं. मथुराने ती अक्षरं पदराने पुसली, म्हणून गोजराबाईंनी तिच्या मुस्काटात मारली होती.

आणि आता अभिराज.

अभिराज तिचा धाकटा भाऊ, सगळ्या घरात मऊ. कलासीपाळ्यात त्याचं मोटरी बांधायचं छोटं दुकान होतं. जळलेल्या पंपाची, पंख्याची तांब्याची तार उलगडून नवी गुंडाळायची, केसासारखी बारीक. चाळिशी सरत आली आणि तार तुटायला लागली. आधी त्याला वाटलं, तारच खराब येते. दुकानदाराशी भांडला बिचारा. मग एकदा बसच्या पायरीवरून तो मथुराच्या डोळ्यांदेखत कोसळला, आणि उठताना त्याची बोटं न दिसणारी पेटी वाजवताना तिने पाहिली.

रजेच्या दिवशी तिने त्याला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, वडिलांना असं काही होतं का? मथुरा म्हणाली, "त्यांच्या अंगात..." आणि अडकली. मग तिने सगळं सांगितलं. बोटं, खांदा, पाय, ठसका, घास, ताप. डॉक्टर हसले नाहीत. रक्त तपासलं आणि महिन्याभराने नाव सांगितलं, हंटिंग्टन. आईबापांपैकी एकाकडून येतो, म्हणाले. प्रत्येक मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता निम्मी. बरा करणारं औषध नाही, पण ओढाताण कमी करायच्या गोळ्या आहेत. आणि खाणं जपा, म्हणाले. घट्ट पेज, चमच्या-चमच्याने, मान खाली करून. या आजारात पुष्कळ माणसं घास अडकून, छाती भरून जातात.

म्हणजे बाबा आईने नेले नव्हते. आपल्याच माणसांनी हात जोडून, उदो उदो करत, घास कोंबून मारले होते. इस्पितळाच्या आवारात पिंपळाखाली बसून मथुराने अशा शिव्या दिल्या की शेजारी बसलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी चमकून वळली.

"तुम्ही मराठी आहात? किती दिवसांनी ऐकली!"

"शिव्या ऐकून खूश झालीस? पुण्याची आहेस वाटतं."

मुलगी खरंच पुण्याची निघाली. नाव भार्गवी. एचएसआर लेआउटला राहायची आणि हेब्बाळकडच्या एका प्रयोगशाळेत याच आजारावर काम करायची. याच डॉक्टरांकडे ती दर आठवड्याला यायची. कॉफी घेता घेता तिने आजार समजावून सांगितला. मथुरा ऐकत होती, आणि अभिराज दोन्ही हातांनी कप धरायचा प्रयत्न करत होता.

"हे प्रोटीन सगळ्यांच्याच शरीरात असतं, ताई. दादांच्यात त्याची शेपटी जास्त लांब झालीय. मग ते नीट दुमडत नाही, एकमेकांना चिकटतं, पेशीत त्याचे गोळे होतात. ॲक्च्युअली पेशीची स्वतःची सफाई असते. खराब प्रोटीनवर खूण लावायची, आणि खूण दिसली की तुकडे करून टाकायचे. रोज चालतं हे. पण याच्यावर खूण हवी तशी लागतच नाही. म्हणून आम्ही एक छोटा रेणू बनवतोय. त्याचा एक हात त्या खराब प्रोटीनला धरतो आणि दुसरा हात खूण लावणाऱ्याला. दोघांना शेजारी आणलं की खूण लागते. पुढचं काम पेशीच करते."

मथुराने कप खाली ठेवला. "म्हणजे आमच्या गल्लीतली कचऱ्याची गाडी. पिशवी दारात ठेवली तर उचलतात. माळ्यावर लपवली तर गाडीवाल्याला काय स्वप्न पडणार?"

"एक्झॅक्टली!"

"आणि आमच्या घराने त्या पिशवीला हळदकुंकू लावून ठेवलंय." तिचा आवाज चढला. "मग कसली वाट बघताय? द्या की औषध!"

"नाहीये अजून, ताई. सध्या सगळं बशीत आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर."

"बशीत!" मथुरा कडाडली. "माझा बाप गेला, भाऊ चाललाय, आणि तुमचं औषध बशीत!"

भार्गवीने मान खाली घातली नाही, याबद्दल मथुराला ती आवडली. ती म्हणाली, "खोटं नाही सांगणार. दादांना याचा उपयोग होईल असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या नंतरच्यांना होईल, कदाचित. पण त्यासाठी अशा घरांतल्या माणसांच्या पेशी लागतात. रक्त, आणि कातडीचा एवढासा तुकडा. त्यापासून आम्ही मेंदूच्या पेशी बनवतो आणि त्यांच्यावर रेणू वापरून बघतो. मात्र हो दादांनी स्वतः म्हणायला हवं. तुम्ही नाही."

अभिराजला आता शब्द जुळवायला वेळ लागे. तो बराच वेळ ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "संयो... संयोगितासाठी. देतो."

संयोगिता म्हणजे गिरीराजची एकुलती एक मुलगी, सर्जापूर रोडवरच्या कंपनीत कामाला. काकाच्याच कडेवर वाढलेली. मथुराला स्वतःला मूल नव्हतं. त्यावरून सासरी तिने आयुष्यभर टोमणे ऐकले होते, आणि आज पहिल्यांदा तिला त्याचं बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाही तिला संताप आला.

पेशी द्यायला जायचा दिवस दसऱ्यानंतरचा ठरला होता. आणि मध्ये सोयराबाईंनी ही बातमी दिली.

ड्यूटी संपताच मथुरा, अंगावरचा खाकी कोटही न काढता, थेट माहेरी गेली. अभिराज गिरीराजच्याच घरात, वरच्या खोलीत राहत असे. तो खाटेवर होता, आणि त्याचं सगळं अंग उडत होतं, पूर्वी कधी नव्हतं इतकं. चादर खाली पडली होती.

"गोळ्या घेतोस ना रे?"

"बंद," अभिराज म्हणाला. "अण्णा म्हणाला... नवरात्र. उपास. गोळी नको."

मथुराच्या मस्तकात तिडीक गेली. उपासाला पाणी चालतं, दूध चालतं, साबुदाण्याची खिचडी ताटभर चालते, आणि भावाची गोळी चालत नाही! अंग जितकं उडेल तितकी आई मोठी दिसणार, म्हणून माणसाच्या औषधावर उपास. तिने गोळी शोधली, पेजेत कालवून त्याला भरवली आणि दाणदाण जिना उतरली.

गिरीराज दिवाणखान्यात बसला होता. समाजाचा अध्यक्ष, कपाळावर मळवट, अंगावर उपरणं. पूर्वी बोलताना त्याचे हात पंख्यासारखे फिरायचे. हल्ली तो दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून बसे. मथुराला वाटायचं, अध्यक्षपदाचा रुबाब.

"अण्णा, बाबांना मारलंत ते पुरलं नाही का रे तुला?"

"आवाज खाली कर. हे देवीचं घर आहे."

"हे आजाऱ्याचं घर आहे! डॉक्टरांनी नाव सांगितलंय त्याचं. तू ते ऐकलंयस आणि तरी त्याच्या गोळ्या बंद केल्यास. गिळता येत नाही त्याला. पाटावर बसवून घास कोंबलेत तर तो मरेल. बाबांसारखाच मरेल."

"एकेकच घास. मी बघेन."

"तेव्हाही तू बघत होतास!"

गिरीराजने आतल्या दाराकडे एक नजर टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "संयोगिताला म्हैसूरहून स्थळ आलंय. देवीचं घर म्हणून आलंय. रक्तात रोग असलेलं घर म्हटलं तर कुत्रं तरी विचारेल का? बाबांना लोक दारुडा म्हणायचे. मी शाळेत ते ऐकलंय. पाटाने आपल्याला तोंड वर काढायला दिलं, मथुरा. तो पाट मी सोडणार नाही. आणि ती पेशीबिशी काढायची भानगड नको, बेड! नको म्हणजे नको. आमच्या घरचं मांस कुणाच्या बशीत जाणार नाही."

"आणि त्या पोरीला कळायला नको? तिला पुढे मुलं होतील, तेव्हा?"

"तिचं नाव काढू नकोस!" तो असा ओरडला की आतून संयोगिता धावत आली. बापाकडे आणि आत्याकडे बघत दारात उभी राहिली. गिरीराज उठून आत निघून गेला, उपरणं आवळून धरत.

संयोगिता मथुराला पोचवायला बसथांब्यापर्यंत आली. वाटेत म्हणाली, "आत्ते, काकाचं मला माहितीय. मी त्याचे रिपोर्ट पाहिलेत, वाचलंय सगळं. बाबांना पोलिसांची भीती घालू का?"

"पोलीसही नारळ घेऊन येतील ग," मथुरा म्हणाली. "त्या पाटापुढे या गावात सगळे वाकतात." आणि हे बोलता बोलताच तिला आठवलं की गोजराबाई आता नाहीत. माहेरवाशिणींत थोरली आता तीच. पहिला प्रश्न तिचा होता.

अष्टमीला मथुरा हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून, ओटीचं तबक घेऊन आली, तेव्हा गिरीराजला वाटलं, बहीण वठणीवर आली. तो हसलाही. कार्यालय गच्च भरलं होतं. संबळ घुमत होती, दिवट्या पेटल्या होत्या, तेलाचा आणि झेंडूचा वास कोंदला होता. भिंतीलगत नैवेद्याची ताटं मांडलेली, घरटी एक, आणि प्रत्येकात पुरणपोळी. मधोमध तो शिसवी पाट, आणि पाटावर अभिराज. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळ हळदीने माखलेलं. सकाळी गोळी मिळालेली नव्हती, हे मथुराने एका नजरेत ओळखलं. पाटावरून घसरू नये म्हणून दोन तरुणांनी त्याला खांद्यांना दाबून धरलं होतं. तो मथुराकडे बघत होता, अगदी बाबा बघत होते तसा.

देवीवर मथुराचा राग नव्हता. भवानीसमोर तिने मनापासून डोकं टेकलं. मग वळून अभिराजची ओटी भरली, आणि संबळ थांबली. आता माहेरवाशीण विचारणार. रीतच होती, सगळं कार्यालय चिडीचूप झालं.

मथुराने तो बसमधला आवाज काढला. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"पाटावर कोण बसलंय? आई बसलीय, का माझा भाऊ?"

असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. गिरीराज पुढे झाला, पण म्हातारी मंडळी कुजबुजली, तिचं बोलणं चालू आहे, अडवू नका. रीत म्हणजे रीत. गिरीराज स्वतःच जपत आलेल्या रीतीत अडकून उभा राहिला.

अभिराजचे ओठ हलायला लागले. जीभ वळेना. मान एकीकडे गेली, हात दुसरीकडे. मथुरा थांबली. शब्द तिने पुरवला नाही. हो त्याने स्वतः म्हणायला हवं, असं ती पोरगी म्हणाली होती.

"अभि... राज," तो म्हणाला. "मी अभिराज. अक्का, मला... आजार आहे. बाबांना पण... तोच. मला घास... नको. मरेन."

कुणाच्या तरी हातातली घंटा खाली पडली. खांदे धरलेल्या पोरांनी हात असे काढले जणू चटका बसला. मथुराने भावाला काखेत हात घालून उठवलं आणि भिंतीशी खुर्चीत नेऊन बसवलं. येता येता ती सगळ्यांना सुनावत होती. "ऐकलंत? हंटिंग्टन म्हणतात त्याला. माझा बाप पीत नव्हता, आणि देवही नव्हता. आजारी होता. तुम्ही आधी त्याला गटारात लोटलंत, मग पाटावर चढवलंत, आणि मग जीव जाईपर्यंत जेवू घातलंत. एकानेही पाण्याचा घोट देऊन विचारलं नाही, विठोजीराव, दुखतंय का?"

गलका उडाला. कुणी म्हणालं, विटाळ झाला. कुणी म्हणालं, मथुराला बाधा झालीय. गिरीराज गर्दीला आवरायला पाटाजवळ आला. "शांत व्हा! शांत व्हा!" असं म्हणत त्याने दोन्ही हात वर केले, आणि उपरणं गळून पडलं.

त्याची बोटं नाचत होती. मनगट झटका देऊन वळलं, परत वळलं. तो एका हाताने दुसरा हात धरायला गेला, तर खांदा उडाला.

मथुराने त्या हातांकडे पाहिलं. मग सगळं एकदम कळलं. उपरणं, गुंडाळलेले हात, बंद केलेल्या गोळ्या. अभिराजच्या अंगात देवी आली असं ठरलं असतं, तर उद्या याच्याही अंगात देवीच आली असं ठरलं असतं.

"बघा, बघा!" पुढच्याच रांगेतून सोयराबाई किंचाळल्या. "गिरीराजांच्या अंगात येतंय! आई रुसली नाही ग, थोरल्याकडे आली! उदो उदो!"

आणि संबळ पुन्हा वाजली. लोकांना तेच हवं होतं. ज्या पोरांनी अभिराजला धरलं होतं त्यांनीच अध्यक्षसाहेबांना धरलं आणि पाटाकडे न्यायला लागले. कुणी हळद आणली, कुणी कवड्यांची माळ. एका बाईने पुरणपोळीचा घास मोडून हातात तयार ठेवला. गिरीराजने त्या घासाकडे पाहिलं. मथुराला त्याचा चेहरा दिसला, आणि तिच्या भावाला भीती वाटते हे तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बसला असता तर मान होता, स्थळ होतं, सगळं झाकलं गेलं असतं. त्यासाठी त्याने फक्त गप्प बसायचं होतं.

मथुराचा मान अजून तिचाच होता. ती पुढे सरसावली, पण तिच्या आधी संयोगिता बापासमोर जाऊन उभी राहिली. अजून लग्न नव्हतं, माहेरवाशीण नव्हती, तिला विचारायचा हक्क नव्हता. तिने विचारलं.

"बाबा, हे कधीपासून होतंय?"

गिरीराजने मुलीकडे पाहिलं. त्याची हनुवटी थरथरली, ती आजाराने का रडण्याने, कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "माझ्या अंगात कुणी आलेलं नाही. सोडा मला."

पोरांनी सोडलं. तो पाटाच्या शेजारी, जमिनीवरच, मटकन खाली बसला. संयोगिता त्याच्याजवळ बसली आणि त्याचा नाचणारा हात तिने आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला. तिच्याही वाट्याला निम्मं निम्मं होतं, आणि ते तिला कळलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. संबळ कधी थांबली ते कुणी पाहिलं नाही.

"पाट उचला," गिरीराज म्हणाला.

कुणी पुढे आलं नाही. म्हणून मथुरानेच तो उचलला. नथ, लुगडं, हिरव्या बांगड्या, सगळं सावरत तिने तो शिसवी धोंडा कोपऱ्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून उभा केला. मग डब्यातली पेज काढून ती अभिराजसमोर बसली. त्याची मान खाली केली आणि एक एक चमचा भरवायला लागली. राग गेला नव्हता. थोरल्याकडे बघितलं की त्याच्या कानशिलात लगवावी असं अजूनही वाटत होतं, आणि त्याला कुशीत घ्यावं असंही वाटत होतं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली होती.

अभिराजने चमचा गिळला. ठसका लागला नाही.

"दसऱ्यानंतर त्या पोरीकडे जायचंय बरं का," मथुरा म्हणाली. "हो म्हणालायस तू."

"हो," अभिराज म्हणाला. मग बराच वेळ ओठ हलवून, शब्द गोळा करून, त्याने पलीकडे जमिनीवर बसलेल्या भावाकडे मान वळवली. "अण्णाला पण... ने."

मथुराने पुढचा चमचा भरला. "नेते," ती म्हणाली, गिरीराजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बसनेच नेते. मला आणि संयोगिताला फुकट आहे, तुझा अपंगांचा पास निघालाय. अण्णाने मात्र आपलं तिकीट आपण काढायचं."